जिभेखालची गोळी

"काल-परवा ताकदीची गोळी घेतलीत का?" डॉक्टरने विचारलं. ताप आहे का विचारावं, इतक्या सहज.

दवाखान्यातल्या खाटेवर निवृत्त हेडमास्तर छातीवर हात दाबून पडले होते. घामाने उशी भिजली होती. खोटं बोलल्याबद्दल आयुष्यभर पोरांच्या हातावर छड्या मारलेला माणूस. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, मग छताकडे.

"नाही," ते म्हणाले.

"काहीतरीच काय विचारता, डॉक्टर," मुलगी म्हणाली. "आईला जाऊन सहा वर्षं झाली. बाबांच्या सगळ्या गोळ्या मी भरून देते. हा काय डबा. सकाळच्या इकडे, रात्रीच्या इकडे."

डबा खरंच नीटनेटका होता. मुलगी गुणाची होती. दर रविवारी दोन गाड्या बदलून यायची, डबा भरायची, फ्रिज पुसायची आणि परत जायची. तिला नाव ठेवायला जागा नव्हती.

डॉक्टर वयाने लहान होता, पण बावळट नव्हता. "मी सगळ्यांनाच विचारतो," तो म्हणाला. "आता जिभेखाली जी गोळी देणार आहे, ती त्या गोळीवर पडली तर रक्तदाब असा कोसळतो, की मग आमच्या हातात काही राहत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, सर. हवं तर यांना जरा बाहेर थांबायला सांगतो."

"मी कुठेही जाणार नाही," मुलगी म्हणाली. "बाबा माझ्यापासून काही लपवत नाहीत."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. "नाही म्हणालो ना."

नर्सने गोळीचं पाकीट फाडलं.

पडद्यापाशी शिवणकाकू उभ्या होत्या. हेडमास्तरांच्या खालच्या मजल्यावर राहायच्या, लोकांचे कपडे शिवायच्या. गाडी बोलावून हेडमास्तरांना इथे आणलं होतं ते त्यांनीच, आणि मुलीला फोनही त्यांनीच केला होता. या धावपळीत गळ्यातली मापाची टेप काढायचंसुद्धा सुचलं नव्हतं. मुलगी आली तेव्हा त्यांचे हात धरून रडली होती. "काकू, तुम्ही होतात म्हणून," म्हणाली होती.

आता काकूंना धड बोलता येईना, धड गप्प बसवेना. बोललं तर जिन्यात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती, आणि इमारतीला जिना एकच. त्या वाट बघत राहिल्या की आता हे सांगतील, आता सांगतील. एवढा शिकलेला माणूस, जिवाची भीती नसेल का त्याला?

"तोंड उघडा, आजोबा," नर्स म्हणाली.

हेडमास्तरांनी ओठ घट्ट मिटले.

"बाबा, हट्ट करू नका." मुलीने त्यांच्या हनुवटीला हात लावला, लहान मुलाला औषध पाजताना लावतात तसा. "उघडा बघू."

आणि त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरचं बोलणं त्यांना कळलं नव्हतं अशातला भाग नाही. चांगलं कळलं होतं. जीव गेला तर गेला, पण लेकीसमोर हे नको, एवढंच ते गणित होतं.

"घेतलीये त्यांनी," शिवणकाकू म्हणाल्या. "काल दुपारी."

नर्सचा हात थांबला.

मुलगी वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

काकूंनी गळ्यातली टेप ओढून काढली. सांगायचं राहिलं तरी काय होतं? कान मात्र तापले.

"बाबा?" मुलीने विचारलं.

हेडमास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "या बाई खाली राहतात," ते धापा टाकत म्हणाले. "यांना माझं... काय माहीत असणार."

या बाई. कालपर्यंत नावाने हाक मारत होता हा माणूस. सुई बोटात शिरते तेव्हा आधी काही वाटत नाही, मग रक्त दिसतं. काकूंना तसं झालं. यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

डॉक्टरने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. खोटं बोलून काकूंच्या पदरात काय पडणार होतं?

"ती गोळी राहू दे," तो नर्सला म्हणाला. "त्याऐवजी इंजेक्शन काढ."

"अहो, बाबा स्वतः नाही म्हणतायत," मुलगी म्हणाली. आवाजात जोर नव्हता. मग ती काकूंकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा," आणि तिने पडदा ओढून घेतला. आदळआपट केली नाही. केली असती तर काकूंना बरं वाटलं असतं.

काकू बाहेर उभ्या राहिल्या. खरं तर घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना. पडदा हलक्या कापडाचा होता, उसवलेला, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आडवं झाल्यावर दम लागतो का यांना?" डॉक्टर विचारत होता.

"छे. बाबांची झोप छान आहे," मुलगी म्हणाली. "पडल्या पडल्या घोरायला लागतात."

डॉक्टरने तोच प्रश्न हेडमास्तरांनाही विचारला. ते गप्पच.

काकूंनी इकडे-तिकडे पाहिलं. व्हायची तेवढी शोभा झालीच होती.

"सपाट झोपता येत नाही त्यांना," त्या पडद्याला म्हणाल्या. "दोन उशा लागतात. परवापासून तिसरी."

आतून मुलीचा आवाज आला.

"आणखी काय होतं त्यांना?"

पडदा कोणी बाजूला केला नाही. काकू बाहेरूनच सांगत राहिल्या.