टेबलातली शेवटची ओळ

“धाडून तर बघ! उद्यापासून दुकानाची पायरी चढायची न्हाई,” अण्णासाहेब ओरडले अन् त्यांनी कम्प्युटरला जोडलेली फोनची वायर उपटून खिशात कोंबली. इंटरनेट बंद.

संपत खुर्चीवरून उठला. “वायर काय उपटता? धाडणार म्हंजे धाडणार!”

नवीन जालन्यात, स्टेशन रोडला अण्णासाहेबांचं टायपिंगचं दुकान. साधा मजकूर टाकला की अनुक्रमणिकेसकट पुस्तक बांधून देणारं एक सॉफ्टवेअर तिथं चालायचं. फुकटातलं. कुठले कुठले लोक मिळून ते सुधारायचे, अन् त्यातलं टेबलांचं, म्हंजे तक्त्यांचं, काम वर्षापासून संपतच सांभाळत होता. दहावीतून शाळा सोडलेला संपत. तिकडं त्याला कोणी मार्कशीट मागितली नव्हती.

मागच्या आठवड्यात फवारणीच्या पुस्तिकेत घोळ झाला. टेबल एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की शेवटची ओळ गायब. पंपाला किती औषध टाकायचं, नेमकं तेच गायब. संपत त्यावर राबला, चूक सॉफ्टवेअरमधीच सापडली, दुरुस्त केली. आता ती दुरुस्ती त्या लोकांना धाडायची होती, म्हंजे सगळ्यांचंच सॉफ्टवेअर नीट झालं असतं.

“आपली पुस्तिका बराबर निघाली ना? बस की मंग!” अण्णासाहेब म्हणाले. “आता जालन्यातले समदे प्रेसवाले आपल्याकडं येतील. अन् हा येडा फुकटात वाटून राह्यला!”

“तुम्हाला फुकट भेटलं तवा कोणी दडवलं होतं का? दुसऱ्याच्या पुस्तकातलं औषध गळून राह्यलं, अन् मी गप बसू? टेबलं माझ्याकडं हायेत, अण्णा.”

“पगार कोण देतो तुला?”

“टायपिंगचा देता. टायपिंग झालं.”

शेजारी टाइप करत बसलेली बेबीनंदा फस्सकन हसली. अण्णासाहेबांनी बघितलं तशी तिनं मान खाली घातली.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आज रात्री निघणार होती. दुरुस्ती आज पोचली न्हाई, तर ओळ गाळणारंच सॉफ्टवेअर पुढं किती तरी महिने सगळीकडं चालणार. अण्णासाहेबांनी घड्याळाकडं बोट केलं.

“चारला लाईट जाती. रात्रीपर्यंत येत न्हाई. समदा जालना अंधारात. जा, कुठून धाडतो ते धाड.”

बोलेस्तोवर पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याच्या बॅटरीवर पाच-सात मिनिटांचा खेळ. संपतनं खिसे चाचपले, खण उपसला. दुरुस्ती उतरवून न्यायला कोरी फ्लॉपी एक न्हाई.

बेबीनंदानं न बघताच एक फ्लॉपी त्याच्याकडं सरकवली. वर लिहिलेलं, ‘लग्नपत्रिका’.

“ताई, हे?”

“पुसून टाक. त्या पोरीला लेकरू झालं आता.”

फ्लॉपी घुरघुरली. बाहेर काढली तोच स्क्रीन काळा झाला.

अण्णासाहेब दारात आडवे उभे राहिले. “पायरीचं काय म्हणलो, ध्यानात हाय ना?”

“हाय की.” संपतनं फ्लॉपी शर्टाच्या खिशात घातली, वरून बटण लावलं. “जालन्याची लाईट गेली म्हंजे अंबडची आली, अण्णा. तिथल्या नेट कॅफेतून धाडतो. एसटी लागलेली आसंल. सरका, मला निघायचंय.”