नेव्हिलसाठी गांडुळं

रसेल मागच्या व्हरांड्याच्या पायरीवरच उभा राहिला. आइस्क्रीमचा रिकामा डबा त्याने आणला नव्हता.

"डबा कुठाय?" मेरिडिथने विचारलं.

"डबा नको आता. एक आख्खा ट्रे दे. आम्ही घरीच वाढवू."

"आम्ही म्हणजे कोण? इमोजेन म्हणाली की तुझ्या डोक्यातून निघालं?"

"फरक काय पडतो? दर दुसऱ्या रविवारी मूठभर किड्यांसाठी बॅलरॅटला हेलपाटा मारायची हौस नाही मला."

गांडुळांची पेटी भिंतीला टेकून होती. काळ्या प्लास्टिकचे पाच ट्रे एकावर एक, तळाला तोटी, वर थंडीसाठी टाकलेली जुनी घोंगडी. गांडुळं नेव्हिलसाठी होती. नेव्हिल हा इमोजेनचा ॲक्सोलॉटल. दुकानदार त्याला चालणारा मासा म्हणून विकतात, पण तो मासा नव्हे, बेडकाच्या गणगोतातला. हिवाळ्याच्या तोंडाला इमोजेन नेव्हिलची टाकी उचलून बापाकडे राहायला गेली, तेव्हापासून ती आईशी एक शब्द बोललेली नव्हती. फोनही उचलत नव्हती. मात्र नेव्हिलला गांडुळं लागत. म्हणून रसेल यायचा, आणि इमोजेन मागच्या फाटकाबाहेर गाडीत बसून राहायची. आजही बसली होती. काचेवर धुकं धरलं होतं. आत कुणी आहे एवढंच कळत होतं.

मेरिडिथने घोंगडी बाजूला केली.

"गांडुळाला कधी बोट लावलं नाहीस. तू वाढवणार?"

"तुझ्याबरोबर संसार केला. त्यापुढे गांडुळं काय अवघड?"

"गांडुळं तक्रार करत नाहीत, रसेल. सरळ मरतात."

"सुटतात म्हण," तो म्हणाला.

तिने वरचा ट्रे काढला. भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांखाली गांडुळं गुंतून पडली होती, उजेड लागताच आकसली. चांगली जाड होती. वसंत सरेपर्यंत त्यांची पिल्लावळ रसेलच्या गॅरेजमध्ये वळवळत असेल, आणि मग फाटकाबाहेर गाडी थांबायचं काही कारण उरणार नाही.

"खायला काय घालायचं?" रसेलने विचारलं.

"लिंबाची सालं," मेरिडिथ म्हणाली.

ते तोंडातून गेलं तेव्हा तिने ठरवलेलं काहीच नव्हतं. पुढचं मात्र ठरवून आलं.

"संत्र्याचीही चालतील. कांदा भरपूर. आणि वास मारायला लागला की वरून थोडं व्हिनेगर."

"बस?"

"बस. हावरी असतात. हात आखडू नकोस."

आंबटाने आणि कांद्याने गांडुळं मरतात; आठवड्यात ट्रेचा चिखल झाला असता. नेव्हिल दांडगा होता, आठ-दहा दिवस उपास पडला म्हणून मरणारा नव्हता. तेवढ्यात रसेल डबा घेऊन पुन्हा पायरीशी आला असता. मेरिडिथचा हिशोब पक्का झाला. तिने ट्रे त्याच्या हातात दिला आणि पोटाला माती लागू नये म्हणून त्याने तो लांब धरला ते पाहिलं.

व्हरांड्याच्या जाळीच्या दारातून तिला गाडी दिसत होती. रसेलने ट्रे मागे ठेवला आणि खिडकीशी वाकून बोटं मोजत सांगू लागला. एक बोट. दुसरं. तिसऱ्या बोटाला गाडीचं दार उघडलं.

इमोजेनने ट्रे परत उचलला आणि दवाने भिजलेल्या गवतातून तरातरा आली. तिने केस कानापर्यंत कापले होते. मेरिडिथला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"लिंबू?" इमोजेन म्हणाली. "व्हिनेगर?"

मेरिडिथ घोंगडी पुन्हा पेटीवर ओढू लागली.

"लहानपणी मी एक संत्र्याचं साल टाकलं, तर तू मला अख्खी पेटी उपसायला लावली होतीस. रडत होते तरी. आणि बाबाला लिंबू सांगतेस? त्याला कळत नाही म्हणून?"

"मला कळत नाही म्हणजे?" रसेल मागून म्हणाला.

"तू थांब, बाबा." तिने ट्रे जमिनीवर आदळला. "नेव्हिलला उपाशी मारायला निघालीस?"

"नेव्हिलला नाही."

"मग कुणाला?"

मेरिडिथने फाटकाबाहेरच्या गाडीकडे पाहिलं.

"नीच आहेस तू," इमोजेन म्हणाली. "हा ट्रे नकोच मला. यात काय घालून ठेवलंयस देव जाणे. मी निवडून नेते."

ती पेटीपुढे गुडघ्यांवर बसली. बाह्या वर सारल्या आणि मनगटापर्यंत दोन्ही हात कागदात घातले. मूठभर काढून पिळलं, किती थेंब पडतात ते पाहिलं, नाकाशी नेऊन हुंगलं. हे तिला मेरिडिथनेच शिकवलं होतं. जाड गांडुळं एकीकडे, बारीक परत आत.

"फार ओलं ठेवलंयस," ती म्हणाली, मान वर न करता.

"असेल."

"असेल नाही. आहे. बुरशी धरेल याला."

रसेलने पायरीवर बूट आपटले. "इमो, चल. गारठलोय मी. उचल हाताला येतील ती."

"आणि ती मेली म्हणजे? एक ट्रे झालाय फक्त."

तिने दुसरा ट्रे ओढला आणि त्यातही तसेच हात घातले. तो ठीक होता. तिला त्यात काही वावगं सापडलं नाही, तशी ती उठू लागली.

"खालचे दोन राहिले," मेरिडिथ म्हणाली. "तेही बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."