शिट्टी कुठून येते

सूर्यभाननं बोट वर केलं. म्हणजे शिट्टी अजून ऐकू येत होती.

गंधेसाहेबांनी वैतागून इंजिन बंद केलं. नगरबाहेरच्या माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या लढाऊ विमानाचं जेट इंजिन लोखंडी चौकटीत जखडलेलं होतं. त्याच्या गर्जनेत एक बारीक शिट्टी आहे, असं सूर्यभाननंच सांगितलं होतं. साहेबांच्या यंत्रावर आवाज किती ते कळे, कुठून ते कळत नसे. म्हणून सकाळपासून इंजिनाचा एकेक भाग जाड पांघरुणात गुंडाळायचा आणि सूर्यभाननं हेडफोन लावून ऐकायचं, असं चाललं होतं. भाग संपले. शिट्टी जाईना.

गुंडाळायचं काम करणारा महमूद दमून पांघरुणांवरच बसला. "आता मीच ऱ्हायलोय, सूर्यभानराव. मलाबी गुंडाळा."

"तुजं त्वांड त्यानंबी बंद व्हायचं न्हाई."

सूर्यभान हसला, पण थकून. कमी ऐकू येतं म्हणून शेडमधल्याच गहिनीनाथला नुकतंच स्टोअरला बसवलं होतं, नटबोल्ट मोजायला. तेव्हापासून सूर्यभान जरा जास्तच बारकाईनं ऐकत असे.

"शेवटचं एकदा," साहेब म्हणाले. "मी इंधन तोडतो. जाळ विझेल, पाती फिरत राहतील. शिट्टी गेली तर ती जाळाची, राहिली तर पात्यांची. पाती थांबेपर्यंत ऐका."

इंजिन पेटलं. पत्रे थरथरले. साहेबांनी इंधन तोडलं, गर्जना बसली. सूर्यभान डोळे मिटून ऐकत होता. बोट वर.

"पात्यांचीच!" साहेबांचा चेहरा उजळला.

पाती मंदावली. एकेक पातं वेगळं दिसू लागलं. मग सगळी थांबली. पत्र्यावर चिमण्या चालत होत्या, त्यांच्या नखांचा आवाज खाली येत होता.

बोट वरच होतं.

महमूदनं जाऊन सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवला. सूर्यभाननं डोळे उघडले. थांबलेल्या पात्यांकडे पाहिलं. हेडफोन काढला, मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. मग बोट हळूहळू मिटलं.

"महमूद, तुला येतीय का रं शिट्टी?"

महमूदनं साहेबांकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"येतीय की. बारीक हाय, पन येतीय."

सूर्यभाननं हेडफोन त्याच्या गळ्यात अडकवला.

"मग उद्यापासनं तूच ऐक."