खिडकीची उंची

खिडकी कुठे कापायची, यावरून सकाळपासून काम अडलं होतं.

पुदुक्कोट्टै रस्त्यावरच्या वर्कशॉपच्या अंगणात जुनी कुरिअरची व्हॅन उभी होती. पांढरी, लांब, चारी बाजूंनी बंद. आतला पलंग वेल्ड करायचा म्हणून मिस्त्री सुंदरने तिची बॅटरी काढून ठेवली होती. बाहेरच्या पत्र्यावर त्याने छातीच्या उंचीला खडूने चौकोन काढला होता आणि ग्राइंडर हातात घेऊन तो जयतीर्थांच्या होकाराची वाट पाहत होता.

"सगळे इथंच ठेवतात, सार," तो तमिळमध्ये म्हणाला. "आत बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येते."

"ती बसणार नाही," जयतीर्थ म्हणाले.

त्यांची बायको विनुता व्हॅनच्या आत आडवी होती. पलंग यायचा तेवढ्या उंचीवर सुंदरने विटा रचून फळी टाकली होती, त्यावर चटई. पाठीच्या दोन शस्त्रक्रियांनंतर तिला वीस मिनिटांच्या वर बसवत नसे. याआधी पाहिलेल्या दोन व्हॅनमध्येही ती विकणाऱ्यांच्या देखत अशीच आडवी झाली होती. पहिलीत गुडघे दुमडावे लागले. दुसरीचा तळ गंजला होता, पण ती तिने नाकारली माशांच्या वासामुळे. हिच्यात डोक्याशी आणि पायांशी वीत वीत जागा उरली.

तिला कावेरी जिथं उगम पावते ती जागा पाहायची होती, त्यासाठीच ही व्हॅन घेतली होती. जन्म तिरुवैयारूचा. कोरड्या वाळूवरून नवं पाणी येताना तिने दर वर्षी पाहिलं होतं. ते निघतं कुठून, ते कधी पाहिलं नव्हतं. जयतीर्थ पाटबंधारे खात्यात होते. पाणी सुटायचं तेव्हा त्यांना रजा नसायची आणि ओसरलं की ते म्हणायचे, "आता काय पाहायचं? पुढच्या वर्षी जाऊ." अशी चौतीस वर्षं गेली. ते निवृत्त झाले, त्याच वर्षी तिची पाठ गेली.

"अहो, आत या," विनुताने हाक मारली.

ते वाकून आत गेले. आत अंधार होता आणि पत्रा तापत आला होता. तिने हात पुढे केला. "खडू द्या."

पडल्या पडल्या तिने पत्र्यावर एक रेघ ओढली. फळीपासून जेमतेम वीतभर वर. "माझी खिडकी इथं होणा. इथंच हवी."

मागच्या दारातून सुंदर डोकावला. रेघ बघून त्याने मान हलवली. "एवढी खाली? चाकाचा चिखल उडेल, अम्मा."

"उडू दे. पुसू."

जयतीर्थ हलक्या आवाजात म्हणाले, "थोडी वर घेऊ या. आभाळ तरी दिसेल तुला."

"आभाळ घरच्या खिडकीतून दिसतं. सात वर्षं तेच बघत पडलेय," ती म्हणाली. "मला रस्ता बघायचाय."

जयतीर्थांनी तिच्या हातातला खडू घेतला आणि रेघेच्या खाली उरलेल्या तीन रेघा स्वतः ओढल्या.

"घरात तुम्ही तेलुगू बोलता का, सार?" सुंदरने विचारलं.

"मराठी."

"मराठी? कुठलं?"

"इथलंच. तीनशे वर्षं झाली आम्हाला इथं."

सुंदर हसला. त्याने आतून चौकोनाच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडली, म्हणजे बाहेरून कुठे कापायचं ते कळेल. दोघांनी मिळून विनुताला उतरवलं आणि पुंगाच्या झाडाच्या सावलीत बाकावर निजवलं. ग्राइंडर किंचाळला, ठिणग्या उडाल्या. दहा मिनिटांनी पत्र्याचा तुकडा आत पडला. सुंदरने कानशीने कडा घासल्या आणि धारेवर रबराची पट्टी बसवली.

विनुताला पुन्हा फळीवर नेलं. तिने मान वळवली. चौकोनातून ऊन तिच्या गालावर आलं होतं.

"काय दिसतं?" जयतीर्थांनी बाहेरून विचारलं.

"टायरांचा ढीग. त्यावर एक शेळी." थोड्या वेळाने ती म्हणाली, "गाडी जरा चालवा ना."

"बॅटरी नाही, अम्मा," सुंदर म्हणाला. "शनिवारी या. लांब फिरवून आणतो."

जयतीर्थांनी मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं, चाकापुढचा दगड पायाने सारला आणि व्हॅनच्या मागे गेले.

"सार, काय करता? पासष्ट वर्षांचं वय..."

"हँडब्रेक काढा."

सुंदरने हँडब्रेक काढला आणि एका हाताने स्टिअरिंग धरून दाराशी जोर लावला. मागून जयतीर्थांनी दोन्ही तळहात पत्र्याला लावले. व्हॅन हलली नाही. त्यांनी खांदा टेकवला, पाय मातीत रोवले. चाकं कुरकुरली आणि व्हॅन इंचभर सरकली. मग हातभर. मग स्वतःच्या वजनाने संथ चालू लागली.

"गेली," विनुता आतून म्हणाली.

"काय गेली?"

"शेळी. भिंत आली. भिंतपण चालली." तिचा आवाज चढला होता. "सायकल. कुणाचं तरी धोतर वाळत घातलंय. अहो, एक बाई आपल्याकडेच बघतेय!"

जयतीर्थांना तिचा चेहरा दिसत नव्हता. त्यांना समोर फक्त पांढरा पत्रा दिसत होता. त्यांचा श्वास फुलला, चष्मा घामाने घसरला, तरी ते ढकलत राहिले.

"बस, सार," सुंदरने ब्रेक ओढला. "गेट आलं. पुढे रस्ता आहे."

व्हॅन थांबली. जयतीर्थ कपाळ पत्र्याला टेकवून उभे राहिले. छाती भात्यासारखी हलत होती.

आतून विनुताने विचारलं, "का थांबलात?"

जयतीर्थांनी डोकं वर केलं, चष्मा सरळ केला आणि सुंदरला म्हणाले, "गेट उघडा."