सोवळ्यातले हातमोजे

“महादेव तळ्यातल्या चिकणमातीचाच करायचा बरं,” सासूबाई सांगून गेल्या. “वाळू काही धरून ठेवत नाही.” त्यांना दिलेल्या शब्दाखातर रोज सकाळी मी मातीचं लिंग घडवते, पूजते आणि तळ्यातच विसर्जित करते.

परवा भाची चारुता तळं तपासून गेली. “मावशी, खडकातून युरेनियम झिरपतं, पण पाणी स्वच्छ आहे. चिकणमातीच्या कणांनी युरेनियम धरून ठेवलंय.”

“विष धरायची महादेवाची सवय जुनीच,” मी म्हणाले.

“त्याला चालतं, तुला नाही. उघड्या हातांनी माती मळणार नाहीस, वचन दे.”

दिलं. तिचे रबरी हातमोजे मागून घेतले.

सासूबाईंना रबर चाललं नसतं, म्हणून ते गंगाजलाने धुतले, सोवळ्याच्या वलणीवर वाळवले. आज ते हातात चढवून, ताम्हन घेऊन तळ्याकडे निघाले.