बाल्साच्या बंदरातली जागा

बंदर बांधणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात नूतनने बाल्सा लाकडाची शेवटची पट्टी बंदराच्या मॉडेलमधल्या धक्क्याला चिकटवली. उद्या या नव्या बंदरासाठी जनसुनावणी होती. ज्या किनाऱ्यावर तिचा कोळीवाडा बोंबील वाळवायचा, तिथे नकाशात ट्रकतळ दाखवला होता आणि तिने तो तसाच बनवला होता. घरी मात्र यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

सुनावणीला अख्खा कोळीवाडा लोटला. तिचे वडील मॉडेलवर वाकले. त्यांनी धक्क्याजवळच्या इवल्या होडीला अलगद करंगळी लावली.

"किती नाजूक काम. कोणी केलं?"

"या आमच्या तांडेल मॅडमनी," नूतनचे साहेब तिच्याकडे हात करत कौतुकाने म्हणाले.

वडिलांनी मान वर केली. आता सगळ्यांदेखत बोलतील, म्हणून तिने नजर खाली वळवली. ते हळूच म्हणाले, "बाय, आपली वाळवणाची जागा यात कुठं हाय गं?"

साहेब तिच्याकडे रोखून पाहत होते. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. तिने बोट ट्रकतळावर ठेवलं.

"इथे आहे. नकाशात दाखवलीच नाही."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी माइक तिच्यापुढे सरकवला. "पुन्हा सांगा. नोंदवून घ्यायचंय."

नूतन वडिलांशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी घरच्या बोलीत.