माल नाही

पडद्यावर सात खांब उभे राहिले. पहिला पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला. बाकीचे सहा त्याच्यापुढे अगदीच खुजे.

"सहा महिन्यांत आपली मशिनं जितक्या वेळा थांबली, त्यातल्या ऐंशी टक्के वेळा या एकाच कारणाने," आकडेवाली मुलगी म्हणाली. उंच खांबाखाली लिहिलं होतं, 'माल नाही'.

साहेबांनी मान डोलावली. त्यांची नजर टेबलाभोवती फिरली आणि मेंटेनन्सच्या बाईंवरून न थांबता पुढे गेली. बाईंनी मनात आकडा एकाने वाढवला. ही तेरावी बैठक. पूर्वी मशिनांचं काही अडलं की साहेब आधी त्यांच्याकडे वळायचे, "बाई, काय करावं?" असं विचारायचे. मशिनांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आलं, त्याच्यासोबत ही मुलगी आली, आणि तो प्रश्न टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेला.

"मग काय करावं?" साहेबांनी मुलीला विचारलं.

"मशिनांच्या शेजारीच नवं गोदाम बांधावं. आणि," ती जरा अडखळली, "स्टोअर दुसऱ्या कुणाकडे द्यावं."

स्टोअरकीपर खुर्चीत पुढे सरकले. "अगं, प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोण्या माझ्या दारात छातीएवढ्या रचल्यात! मला आत जायला आडवं व्हावं लागतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय."

"काका, मी नाही म्हणत. आकडे म्हणतायत."

साहेब हसले. ते कौतुकाचं हसू बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. टेबलाखाली त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मशीन थांबलं की त्याच्यावरच्या छोट्या स्क्रीनवर कारणांची यादी येते. त्यातलं एक बटण दाबल्याशिवाय मशीन पुन्हा सुरू होत नाही. बरोबर?"

"हो, ताई." सगळ्यांना ताई, काका करून टाकायची या मुलीची सवयही बाईंना खुपायची.

"त्या यादीत सगळ्यात वरचं बटण कोणतं?"

"माल नाही."

"कामगारांच्या हातात जाड हातमोजे असतात. मागे मुकादम ओरडत असतो. यादी वाचत कोण बसणार? बोट जातं ते पहिल्या बटणावर. तुझा हा खांब मालाचा नाही. त्या बटणाचा आहे."

स्टोअरकीपरांनी टेबलावर थाप मारली. "घ्या! साप साप म्हणून भुई धोपटत होतो."

मुलीच्या गालांवर लाली चढली, मग कानांवर, मग मानेवर. या रंगासाठी बाई तीन दिवस थांबल्या होत्या. इथेच थांबायचं, पुढे एक शब्दही बोलायचा नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

मुलगी रडली नाही, भांडलीही नाही. तिने पेन उचललं. "तुम्ही मोजलंत?"

"तीन दिवस, रोज सकाळी. चार नंबरच्या मशीनमागे उभं राहून. ते चौतीस वेळा थांबलं. तुझ्या नोंदीत त्यातल्या एकोणतीस वेळा 'माल नाही'. खरोखर माल नव्हता फक्त चार वेळा."

"मग उरलेल्या तीस वेळा?"

'ते तू शोध,' हे उत्तर बाईंच्या ओठांवर तयार होतं. तेवढ्यात साहेबांनी आपली खुर्ची फिरवली. खुर्ची, गुडघे, चेहरा, सगळं बाईंच्या दिशेने.

"हो, बाई. खरं कारण काय? तुम्हीच सांगा."

बाईंच्या खिशात घडी घातलेला कागद होता. तो त्या कुणाला दाखवणार नव्हत्या. साहेब थांबले होते, थोडे पुढे झुकून, पूर्वीसारखे.

त्यांनी कागद काढला.

"नऊ वेळा साचा साफ करायला थांबलं," त्यांनी वाचलं. "आणि एकवीस वेळा फिटरची वाट बघत."

कारखान्यातले सगळे फिटर बाईंच्या हाताखाली होते.

"हात दाखवून अवलक्षण," स्टोअरकीपर पुटपुटले. त्यांची नोकरी नुकतीच वाचली होती, तरी त्यांचा आवाज दुःखी होता.

मुलीने त्या तीन दिवसांचे आकडे भराभर भरले. पडद्यावरचा उंच खांब खाली बसला आणि अगदी शेवटचा वर चढला. 'फिटरची वाट'.

साहेबांची खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळली. "बघा! असं समोर मांडलं की कसं चटकन कळतं. राहू दे ते गोदाम. हाच तक्ता आज वर पाठवू. शाब्बास, पोरी."

"सर, पण हे तर ताईंनी..."

"हो, हो. तू पाठव तेवढं."

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून मुलीच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"या खांबाखाली लिही," त्या म्हणाल्या, "मोजणी कुणी केली ते."

मुलीने मान वर करून पाहिलं. "ताई, हे वर जाणार आहे. हा तुमच्याच खात्याचा खांब आहे. नाव नाही घातलं तर निदान..."

"नाव घाल," बाई म्हणाल्या. "आडनावासकट."